देव ‘साधा’ आहे म्हणजे काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून प्रश्न आला आहे: रविवारच्या उपासनेत प्रवचनकार म्हणाले की देव साधा आहे आणि सार्वभौमही आहे. राजांचा राजा साधा कसा? इथे ‘साधा’ हा शब्द चालतो का?

चालत नाही. तरी तो सर्रास वापरला जातो आणि दरवेळी तोच घोटाळा होतो. साधा म्हटलं की ऐकणाऱ्याला भोळा, कोणीही फसवावा असा गृहस्थ दिसतो, आणि प्रवचनही तिकडेच घसरतं: येशू गव्हाणीत जन्मला, सुताराच्या घरी वाढला, म्हणून देव साधा. हे नम्रतेवरचं प्रवचन झालं. प्रश्नातल्या सिद्धांताशी त्याचा काडीचाही संबंध नाही. यवतमाळातच १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी ख्रिस्ती धर्मशाळा, होती. निदान त्या जिल्ह्यात तरी हा घोळ नको.

मूळ लॅटिन शब्द ‘सिम्प्लेक्स’. त्यातला ‘सिम्’ म्हणजे एक, आपल्या ‘सम’चा सख्खा भाऊ, ‘प्लेक्स’ म्हणजे घडी. एकपदरी, असा त्याचा अर्थ. आपला ‘साधा’ मात्र फारसी ‘सादा’वरून आलेला: नक्षी नसलेला, कोरा. काही जण त्याला ‘साधू’पासून काढतात. त्यांनी एवढंच सांगावं की हिंदीत ‘साधु’चा ध शाबूत आहे, मग ‘सादा’चा कुठे गेला? मराठीत तो ध ‘साधू’च्या शेजारामुळे आला असावा, आणि शब्दाला सज्जनपणाचा वासही तिथूनच लागला, असं माझं ठाम मत आहे. सगळी गफलत त्या वासाची आहे.

सिद्धांत असा: देव कशाचाही मिळून बनलेला नाही. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिनने पाचव्या शतकात तो नेमका मांडला: देवाजवळ जे आहे, तेच तो आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममधल्या चर्चच्या धर्मसभेने, तो श्रद्धेच्या विधानात घातला. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने एकेक जोड तपासून नाकारला. देवात शरीर नाही, द्रव्य आणि आकार अशी जोडणी नाही, स्वरूप वेगळं आणि अस्तित्व वेगळं असं नाही, आणि गुण वेगळा व गुणी वेगळा असंही नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात (४:८) ‘देव प्रीती आहे’ असं आहे, ‘देव प्रेमळ आहे’ असं नाही. प्रेमळ माणसाचं प्रेम आटू शकतं, माणूस उरतो. देवाच्या बाबतीत असं वजा करताच येत नाही.

संस्कृतज्ञ इथे ‘निरवयव’, म्हणजे ज्याला भाग नाहीत असा, हा शब्द सुचवतात. तोही अपुरा आहे. न्यायदर्शनवाल्या नैयायिकांचा परमाणू निरवयवच असतो, पण त्याच्यात रूप, रस हे गुण समवायाने, म्हणजे कायमच्या संबंधाने, राहतात. गुण आणि गुणी असा जोड तिथे शिल्लकच आहे. जो शब्द परमाणूलाही लागतो, तो इथे पुरत नाही.

आता सार्वभौमत्वाशी गाठ कुठे? बंडी, म्हणजे बैलगाडी, पाहा. आख, तुंबा, आरे, धाव, धुरा, जू. यातला आख मोडला की बंडी बसली. म्हणजे बंडी आपल्या भागांच्या आधी नाही, भाग तिच्या आधी आहेत. शिवाय ते जोडणारा वाढई त्याहून आधी. जे जोडलेलं आहे ते कशावर तरी टेकलेलं आहे. टेकलेला तो सर्वांचा धनी नव्हे. म्हणून देव सार्वभौम म्हणायचा तर त्याच्यात जोड नाही, हे आधी मान्य करावं लागतं.

‘सार्वभौम’ शब्द देखणा आहे. पाणिनी ‘सर्वभूमि’ला प्रत्यय लावून पुढच्याच सूत्रात ‘तस्येश्वरः’ म्हणतो, म्हणजे साऱ्या भूमीचा ईश्वर. पण तो भूमीचा. आभाळ त्यात नाही. इंग्रजी ‘सॉव्हरिन’ निघतो लॅटिन ‘सुपेर’पासून, आणि त्याचं संस्कृत भावंड ‘उपरि’. उपरि, प्राकृतात उवरि, मराठीत वर! म्हणजे ‘वरचा पाहते सारं’ म्हणणारी वऱ्हाडातली म्हातारी व्युत्पत्तीनं सार्वभौमवाल्यांपेक्षा अचूक बोलते. ‘वरचा’ म्हणजे गावंढळ बोली, असं म्हणून तो शब्द उपासनेतून हाकलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

सार्वभौम म्हणजे नशीब, हा आणखी एक गैरवापर. कपाशीची फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही राखलेलं जुनं पीक, मार्चपर्यंत उभी ठेवायची, गुलाबी बोंडअळीला सलग खाद्य द्यायचं, आणि पुढच्या हंगामात बोंडं किडली की ‘देव सार्वभौम आहे’ म्हणून हात झटकायचे! इंग्लंडातल्या प्रॉटेस्टंट धर्मपंडितांचा १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासनामा देवाच्या संकल्पाबद्दल अत्यंत कडक आहे, पण तोच तिसऱ्या अध्यायात सांगतो की दुय्यम कारणांचं, म्हणजे सृष्टीतल्या आणि माणसाच्या हातातल्या कारणांचं, स्वातंत्र्य त्यामुळे नाहीसं होत नाही, उलट पक्कं होतं. फरदड हे दुय्यम कारण आहे आणि ती उपटायची जबाबदारी शेतकऱ्याची.

अमेरिकी तत्त्वज्ञ आल्विन प्लांटिंगा यांनी १९८० मध्ये आक्षेप घेतला: देव आणि त्याचा गुणधर्म एकच असतील तर देव हा एक गुणधर्म ठरेल, आणि गुणधर्म काही जाणत नाही, निर्माण करत नाही. आक्षेप चतुर आहे, पण गुणधर्म म्हणजे स्वतंत्र अमूर्त वस्तू हे चित्र त्यांचं आहे, थॉमसचं नव्हे. थॉमसच्या मते सामर्थ्य आणि ज्ञान ही नावं आपण देवाच्या कार्यांवरून देतो; नावांचे अर्थ वेगळे, वस्तू एक. या सिद्धांतामागे सार्वभौमत्वाचीच ओढ आहे, हे मात्र प्लांटिंगांनी बरोबर हेरलं.

मग शब्द कोणता? माझं मत ‘अजोड’ला. जोड म्हणजे सांधा, आणि जोड म्हणजे जोडीदारही. सांधा नाही म्हणून अजोड, बरोबरीचा दुसरा नाही म्हणूनही अजोड. थॉमस नेमकं हेच म्हणतो: देव कुठल्याच जातीत मोडत नाही, तेव्हा त्या जातीतला दुसरा असण्याचा प्रश्नच नाही. अडचण एकच. ‘अजोड कामगिरी’ म्हणून म्हणून वर्तमानपत्रांनी या शब्दाचा ‘उत्कृष्ट’ करून टाकला आहे. प्रवचनात तो पहिल्यांदा उच्चारताना शेजारी ‘ज्यात सांधा नाही असा’ एवढं जोडावं लागेल.