ऑफिसात एकाच्या मानेवर गार झोत येतो, दुसऱ्याला उकडतं. नक्की काय मोजायचं?

तुमच्या प्रश्नाचं सार असं: कोल्हापूरच्या राजारामपुरीत बारा जणांचं ऑफिस, छतात दोन कॅसेट एसी (छतात बसवलेले, चारी बाजूंनी हवा सोडणारे), भिंतीवरचा थर्मामीटर २२ दाखवतो. तरी मधल्या टेबलांवरचे मफलर गुंडाळून बसतात आणि पश्चिमेच्या खिडकीपाशी बसणारे घामाघूम. एसीवाला "मशीन ओके आहे" सांगून गेला.

मशीन ओके असेलही. पण भिंतीला मान नसते. झोत लागतो तो मानेला आणि घोट्याला, म्हणून तिथंच मोजा: बसलेल्या माणसासाठी जमिनीपासून ०.१ (घोटा), ०.६ (कंबर) आणि १.१ (मान) मीटरवर. खुर्चीतल्या माणसाला तेवढा वेळ उठवा, नाहीतर त्याच्या अंगाची ऊब आणि आडोसा रीडिंगमध्ये येतो. एसी अर्धा तास नेहमीच्या सेटिंगवर चाललेला हवा, दारं-खिडक्या रोजच्यासारख्या.

पंख्याचा स्वस्त अ‍ॅनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) इथं चालत नाही. आपल्याला हवा असलेला वेग सेकंदाला ०.१ ते ०.५ मीटर, आणि तेवढ्यात त्याची पाती धड फिरतच नाहीत. हॉट-वायर मीटर, म्हणजे तापलेली तार वाऱ्यानं किती गार होते त्यावरून वेग सांगणारा, भाड्यानं आणा. शक्यतो गोळीच्या टोकाचा, कारण साध्या तारेचा मीटर एकाच दिशेचा वारा नीट पकडतो. प्रत्येक जागी तीन मिनिटांची सरासरी घ्या. एका क्षणाचा आकडा कुचकामी.

मग आयएसओ ७७३० या खोलीतल्या सुखद तापमानाच्या आंतरराष्ट्रीय मानकातलं सूत्र (^ म्हणजे घात):

त्रास होणारे टक्के = (३४ − तापमान)^०.६२ × (वेग − ०.०५)^०.६२ × (०.३७ × वेग × चढउतार + ३.१४)

चढउतार म्हणजे वेग सरासरीच्या वरखाली किती टक्के हलतो ते. मोजता येत नसेल तर ४० धरा. २२ अंशाला ०.४५ वेग असेल तर उत्तर सुमारे २६ येतं, म्हणजे चारातला एक जण तक्रार करणार. २५ अंशाला ०.२५ वेग असेल तर जेमतेम १०. वीसच्या आत ठेवलंत तर ऑफिस शांत राहतं.

हे सूत्र २० ते २६ अंश आणि अर्ध्या मीटरच्या आतल्या वेगासाठी, तेही बैठ्या कामाला. एप्रिलमध्ये ३१ अंशाच्या खोलीत पंख्याचा वारा हा झोत नव्हे, सुख आहे. तिथं हे लावू नका. आणि पावसाळ्यात गाडीवरून भिजून आलेल्यांची पहिल्या अर्ध्या तासातली तक्रार हिशेबात धरू नका. ओल्या शर्टाला कोणताही वारा गारच.

आता मधल्याच टेबलांना का? माझा संशय दोन कॅसेटवर आहे. कॅसेटची गार हवा छताला चिकटून सरकायला हवी. दोघांचे प्रवाह समोरासमोर आदळले की मधोमध खाली कोसळतात. वाटेत बीम किंवा लटकती ट्यूबलाइट आली तरी तेच. खात्रीसाठी उदबत्ती घ्या, पण ती थोडी लांब धरा: तिचा धूर स्वतःच्या उष्णतेनं वर जातोच, त्यामुळे धूर खाली दबला तर झोत नक्की. स्मोक डिटेक्टर असेल तर आधी सांगून ठेवा.

उपाय स्वस्त आहेत. एसीची पाती आडवी करा, सेटिंग २५ वर न्या, एकमेकांकडे तोंड असलेली बाजू कंपनीच्या ब्लँकिंग किटनं (हवेचं तोंड झाकायच्या संचानं) बंद करा. पुठ्ठा-टेप लावू नका. हवा अडली की कॉइलवर बर्फ धरतो आणि पाणी टेबलावर टपकतं. एसीचा पंखा 'लो' करणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय, पण बऱ्याचदा उलटा पडतो: मंद गार हवा छताला धरून राहत नाही, जागेवरच खाली पडते.

खिडकीपाशीचं उकडणं वेगळं दुखणं आहे. तिथली हवा २२ च असेल, तापतेय ती काच. तिची धग मोजायला टेबल-टेनिसच्या चेंडूला बिनचमकीचा काळा रंग द्या, मधोमध थर्मामीटरचं टोक बसवा आणि दुपारी चारला खुर्चीपाशी टांगा. चेंडू हवेपेक्षा तीन-चार अंश वर दाखवत असेल तर एसी कितीही वाढवा, फायदा शून्य. बाहेरून छज्जा किंवा बांबूची चटई हवी. आतला पडदा ऊन खोलीत आल्यावर अडवतो, म्हणून त्याचा उपयोग अर्धाच.