शुक्रवारी काय लागतंय? गावातल्या टॉकीजबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात एकपडदा थिएटरांवर लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की तुमच्या टॉकीजबद्दल काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा, तर इतके मेल आणि व्हॉट्सॲप आलेत की सगळ्यांना एका अंकात उत्तर देणं शक्यच नाही. बऱ्याच जणांचे प्रश्न सारखे होते, त्यामुळे निवडून घेतलेत.

आमच्या गावात एकच टॉकीज आहे. पिक्चर शुक्रवारी रिलीज होणार हे महिनाभर आधी माहीत असतं पण आमच्याकडे लागणार का हे गुरुवार उजाडला तरी कळत नाही. बाहेर पोस्टर एकाचं, आत पिक्चर दुसराच. आधी कळायचा काही मार्ग आहे का? – एक वाचक, सातारा जिल्हा

तुमचा वैताग समजतो, पण यात बहुतेक वेळा टॉकीजवाल्याचा हात नसतो. छोट्या गावात पिक्चर लागायचा म्हणजे आधी डिस्ट्रिब्युटरशी बोलणं होतं, आणि तिथे टक्केवारीवर द्यायचा, भाड्यावर घ्यायचा की मिनिमम गॅरंटी (गर्दी होवो न होवो, द्यायचीच अशी ठरलेली रक्कम) मागायची यावर घासाघीस चालते, आणि ती कधीकधी गुरुवार दुपारपर्यंत संपत नाही. त्यात चालू असलेल्या पिक्चरला सोमवार-मंगळवारी गर्दी कशी आहे ते बघूनच तो दुसऱ्या आठवड्यात ठेवायचा का काढायचा हे ठरतं. पोस्टर मात्र बोलणी चालू असतानाच लागून गेलेलं असतं.

पूर्वी रिळांच्या पेट्या एसटीने यायच्या, त्या पोचल्या की पिक्चर आला असं साधं गणित होतं. आता पिक्चर हार्ड डिस्कवर किंवा सॅटेलाइटवरून येतो आणि सर्व्हरमध्ये लोड होऊन पडलेला असतो, पण तो कुलूपबंद. चावी वेगळी येते, तिला केडीएम म्हणतात, आणि ती ठराविक सर्व्हरसाठी ठराविक तारखांपुरतीच चालते. पैशाचा व्यवहार पूर्ण झाला नाही तर चावी येत नाही, म्हणजे पिक्चर मशीनमध्ये असूनही ऑपरेटर काही करू शकत नाही, आणि खाली लोक ओरडत असतात ‘लाव ना’. हे बघितलंय मी आणि त्या ऑपरेटरची फार दया येते.

आता मार्ग. ॲपच्या भरवशावर राहू नका, बरीच एकपडदा थिएटरं ॲपवर उशिरा दिसतात किंवा दिसतच नाहीत. खिडकीवर जाऊन मॅनेजरचा नंबर घ्या आणि त्यांना सांगा की व्हॉट्सॲपवर ग्रुप काढा, बुधवारी आणि गुरुवारी काय ठरलं तेवढं टाका. आणि दुसरं म्हणजे तुम्हाला जो पिक्चर हवाय तो आधी मागा! दहा-बारा घरांनी मिळून आठवडाभर आधी ‘हा लावा, आम्ही येतो’ असं सांगितलं तर मालकाला डिस्ट्रिब्युटरशी बोलताना जोर येतो. फक्त सांगितल्यावर जायचं, आणि शुक्रवार ते रविवारातच जायचं, कारण ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणाऱ्यांसाठी पिक्चर थांबत नाही.

शाळेतल्या दोनेकशे मुलांना थिएटरमध्ये सिनेमा दाखवायचाय. कितीतरी मुलांनी मोठा पडदा बघितलेलाच नाही. परवडेल का, आणि सुरुवात कुठून करू? – एक शिक्षिका, मराठवाडा

बाई, हे नक्की कराच. एकपडदा थिएटरची सकाळ बहुतेक रिकामीच असते, पहिला शो बाराच्या आसपास. नऊ-साडेनऊचा शो मागा. मालकाचा खर्च म्हणजे वीज, माणसं आणि पिक्चरचं भाडं, दोनशे तिकिटं एकरकमी मिळणार असतील तर तो तिकीट खाली आणायला तयार होतो. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, त्याच्या वर १८ टक्केच आहे, म्हणजे तिकीट शंभराच्या आत ठेवण्यात दोघांचाही फायदा.

पिक्चर निवडताना चालू असलेलाच घेतला तर सोपं जातं कारण तो सर्व्हरमध्ये असतोच. जुना बालचित्रपट हवा असेल तर एनएफडीसीकडे, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे, चौकशी करा. १९५५ साली सुरू झालेली चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी २०२२ मध्ये त्यांच्यात विलीन झालीय, त्यामुळे तो सगळा ठेवा आता तिकडे आहे.

प्रमाणपत्र आधी बघा. नव्या नियमांनुसार यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचा सिनेमा) प्रमाणपत्र आता तीन प्रकारचं असतं, ७+, १३+ आणि १६+. हा आकडा पालकांसाठी सूचना म्हणून आहे, दारावर अडवायला नाही, पण शाळा नेतेय म्हटल्यावर तुम्ही तो पाळलेलाच बरा आणि पालकांची चिठ्ठीही घ्या. लहान मुलांना मागच्या रांगांत बसवा, पुढच्या दोन-तीन रांगा रिकाम्या सोडा कारण तिथे मान दुखते आणि आवाजही अंगावर येतो. मॅनेजरला आवाज जरा कमी ठेवायला सांगा, ऐकतात. इंटरव्हल मोठा मागा, दोनशे मुलं आणि बाथरूम किती ते आधी जाऊन बघून या. आणि शक्य असेल तर दहा-दहा मुलांना वर केबिनमध्ये प्रोजेक्टर दाखवा. काचेच्या त्या छोट्या चौकोनातून निघालेला झोत पडद्यावर जाऊन चित्र होतो हे मुलांना कळलं की ती कितीतरी वेळ मागे वळून वळून बघत राहतात.

आमच्या महिला मंडळाला टॉकीजमध्ये हळदीकुंकू आणि मग सिनेमा असा कार्यक्रम करायचाय. मालक तयार आहेत पण पडद्यावर बॅनर लावू देत नाहीत आणि समई पण नको म्हणतात. एवढा काय तोरा? – मंडळाच्या अध्यक्षा, नाशिक जिल्हा

ताई, यात मालकाचं शंभर टक्के बरोबर आहे. एकदा जवळ जाऊन पडदा बघा. लांबून सलग पांढरा दिसतो पण त्याला सगळीकडे सुईच्या टोकाएवढी भोकं असतात. मधला मोठा स्पीकर पडद्याच्या मागे असतो आणि आवाज त्या भोकांतून येतो, म्हणून तर बोलणारा माणूस पडद्यावर जिथे आहे तिथूनच बोलतोय असं वाटतं. अशा पडद्याला टाचणी लावली, चिकटपट्टी ओढली की तो डाग प्रत्येक शोला दिसतो, आणि समईची काजळी बसली तर पुसताही येत नाही, पडदाच बदलावा लागतो. तो खर्च छोट्या थिएटरवाल्याला झेपत नाही हो.

त्यामुळे हळदीकुंकू लॉबीत करा, तिथे जागा असते, रांगोळी काढा, वाण तिथेच द्या. बॅनर दाराशी. भाषण करायचंच असेल तर पडद्याच्या पुढे खाली उभं राहून माईकवर. आणि हॉलच्या लायसन्सच्या अटी असतात, त्यामुळे सिनेमाव्यतिरिक्त गाण्याचा किंवा नाटकुलीचा कार्यक्रम ठेवणार असाल तर कुठली परवानगी लागेल ते मालकालाच आधी विचारा, ऐन दिवशी पोलीस आले म्हणून बायका परत गेल्या असं व्हायला नको.

मी पंचवीस मिनिटांची शॉर्ट फिल्म केलीय. गावातल्या थिएटरमध्ये दाखवायचीय, पेन ड्राइव्ह दिला तर चालेल ना? – एक विद्यार्थी, कोल्हापूर जिल्हा

पेन ड्राइव्हवरची एमपीफोर फाइल थिएटरचा सर्व्हर घेत नाही मित्रा, त्याला डीसीपी लागते, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरसाठी खास बांधलेली सिनेमाची डिजिटल प्रत. ती बनवायला फुकटचं सॉफ्टवेअर मिळतं, डीसीपी-ओ-मॅटिक, घरच्या कॉम्प्युटरवर चालतं, फक्त रात्रभर लावून ठेवावं लागेल. सेकंदाला चोवीस फ्रेमवर शूट केलं असशील तर बरं, नाहीतर आवाज आणि ओठ जुळतायत ना ते नीट बघ. आणि शोच्या आधी दोन दिवस जाऊन पाच मिनिटं लावून बघच बघ, कारण लॅपटॉपवर ठीक वाटलेला अंधारातला सीन मोठ्या पडद्यावर नुसता काळा दिसतो.

दुसरी गोष्ट जी कोणी सांगत नाही. लोकांसाठी जाहीर शो करायचा तर शॉर्ट फिल्मलाही सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, तिकीट लावलं नाही तरी. अर्ज ऑनलाइन होतो. वेळ लागतो, तर आधी तो कर आणि मग तारीख जाहीर कर.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आहे, त्यानिमित्त जुना मराठी सिनेमा लावावा आणि पुढे चित्रमंडळ (फिल्म सोसायटी) सुरू करावं असं आमच्या वाचनालयाच्या मनात आहे. यूट्यूबवरून लावला तर? – वाचनालयाचे कार्यवाह, विदर्भ

यूट्यूब किंवा ओटीटीवरून नको. घरच्या अकाउंटची परवानगी घरापुरतीच असते, आणि खरं सांगायचं तर चित्रही मोठ्या पडद्यावर फार वाईट दिसतं, लोक पुन्हा येणार नाहीत.

आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट ६० वर्षं असतो, तो प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. म्हणजे ‘संत तुकाराम’सारखा १९३६ सालचा प्रभात फिल्म कंपनीचा सिनेमा, जो १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, त्याची ती मुदत कधीच संपली. पण कथा-गाण्यांचे हक्क वेगळे असू शकतात, आणि मुख्य म्हणजे चांगली प्रत कुणाकडे आहे हा प्रश्न उरतोच, म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला लिहा. १९६४ पासूनची संस्था आहे, जुन्या मराठी सिनेमाबद्दल विचारायला तेच ठिकाण. पत्र आत्ताच टाका, फेब्रुवारीत टाकून उपयोग नाही.

चित्रमंडळाची कल्पना मला मनापासून आवडली. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज १९५९ साली सुरू झाली, सत्यजित राय पहिले अध्यक्ष, आणि मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून चालू आहे, म्हणजे वाट मळलेली आहे. फेडरेशनचं सभासदत्व घ्या, इतर मंडळांकडून सिनेमे कुठून मिळवायचे ते कळतं. महिन्यातून एकच शो ठेवा पण वार ठरलेला हवा, समजा दुसरा रविवार सकाळी दहा, म्हणजे लोकांच्या डोक्यात बसतो. वर्गणी वर्षाची घ्या. सिनेमा संपल्यावर अर्धा तास गप्पा, आणि तिथे माईक आधी नव्या माणसाच्या हातात द्या, नाहीतर नेहमीचे तिघंच बोलत राहतात आणि बाकीचे हळूहळू यायचे बंद होतात.

आईला कमी ऐकू येतं, गुडघेही दुखतात. तिला थिएटरची फार आवड पण आता जमत नाही म्हणते. – एक वाचक, ठाणे

जमेल हो. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऐकू न येणाऱ्या आणि न दिसणाऱ्या प्रेक्षकांसाठी सिनेमागृहातल्या सोयींची मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, कॅप्शन आणि ऑडिओ वर्णनाची. प्रत्यक्षात सगळीकडे पोचलेलं नाही, म्हणून तिकीट काढायच्या आधी फोन करून स्पष्ट विचारा की या शोला सबटायटल आहेत का. बरेच मराठी सिनेमे इंग्रजी सबटायटलसह लागतात, आईंना इंग्रजी वाचता येत असेल तर तेवढ्यानेही खूप फरक पडतो. बाल्कनी टाळा, जिने चढावे लागतात. खाली, मागची रांग, कडेची खुर्ची, आणि सोमवार ते गुरुवारातला दुपारचा शो, म्हणजे गर्दी नसते. डोअरकीपरला सांगून ठेवा, दिवे जायच्या आधी दहा मिनिटं आत सोडतील.