आजीची गोळी लागू का पडेना झाली?

शिवडीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी १९ वर्षांची, बारावी सायन्स. नीट दोनदा दिली, दोन्ही वेळा सरकारी कॉलेज हुकलं. मधल्या काळात आजी गेली, फुप्फुसाच्या कर्करोगाने. "सासूबाईंनी जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता," आई लिहितात. रोज एक गोळी असायची. सव्वा वर्ष आजी स्वतः भाजी आणायच्या, मग गोळी लागू पडेना. आता मुलगी म्हणते, तिसऱ्यांदा नीट देणार नाही, बी.एस्सी. करून कॅन्सरवर संशोधन करणार. एका शास्त्रज्ञाचं व्याख्यान ऐकून आल्यापासून तिने हेच धरलं आहे. विषय होता फुप्फुस आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगांमधली रेणूंच्या पातळीवरची उलथापालथ. आईचे प्रश्न तीन: हे काम म्हणजे नक्की काय, त्यात पोट भरतं का, आणि "नीटमध्ये जमलं नाही म्हणून ती पळवाट तर काढत नाही ना?"

ताई, नमस्कार.

पळवाटीचं आधी बोलू. पळवाट काढणारी मुलं माझ्यासमोर रोज बसतात. त्यांना काय नको आहे ते पक्कं ठाऊक असतं, काय हवं आहे ते विचारलं की ती मोबाइलकडे बघतात. तुमची मुलगी एक प्रश्न घेऊन आली आहे. गोळी लागू का पडेना झाली, हा तिचा प्रश्न पत्रात तुम्ही जाता जाता लिहिला आहे. मी तिथेच थांबले.

कारण जगभरच्या प्रयोगशाळांनी याच प्रश्नावर वर्षं घालवली आहेत. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचं एक प्रथिन असतं. बाहेरून निरोप आला की ते पेशीला 'वाढ' म्हणून सांगतं. काही रुग्णांत त्याच्या जनुकात बिघाड होतो आणि निरोप नसतानाही बटण चालूच राहतं. कधीही धूम्रपान न केलेल्या आशियाई स्त्रियांच्या फुप्फुसाच्या कर्करोगात हा बिघाड बऱ्याचदा सापडतो. जेफिटिनिबसारखी गोळी नेमकी त्या बटणावर बसते. बिघाड आणि गोळीचा परिणाम यांचा संबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी कळलं की त्याच प्रथिनात ७९० क्रमांकाच्या जागी थ्रिओनीन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनीन आलं, की गोळीचा जोर सरतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; इथे हजाराहून जास्त मण्यांच्या साखळीत एकच मणी बदलतो, आणि अशा गोळीला दाद देईनाशा झालेल्या साधारण निम्म्या रुग्णांत तो बदल सापडतो. त्यावर उतारा म्हणून ऑसिमर्टिनिब आलं, अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालं. पुढे ७९७ क्रमांकाचा मणी बदलून कर्करोगाने त्यालाही चकवलं. आजींच्या बाबतीत नेमकं काय झालं ते त्यांच्या डॉक्टरांनीच सांगावं, ते मी सांगू शकत नाही. पण मुलीचा प्रश्न कुठल्या जातीचा आहे ते तुमच्या लक्षात यावं.

अन्ननलिकेचं दुखणं वेगळं आहे. आपल्याकडे या अवयवाचा जो कर्करोग जास्त दिसतो तो आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा. तंबाखू आणि दारू ही त्याची ओळखीची कारणं, खूप कढत पेयंही बहुधा. (पासष्ट अंश सेल्सिअसच्या वरची पेयं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं. आपल्या टपरीवरच्या कटिंगला कोणी थर्मामीटर लावलेला नाही, ते असो.) इथे बहुतेक गाठींमध्ये टीपी५३ हे जनुक निकामी झालेलं असतं. हे जनुक म्हणजे पेशीचा ब्रेक. अडकलेलं बटण गोळीने बंद करता येतं, पण तुटून पडलेला ब्रेक दाबायचा कसा? म्हणून फुप्फुसाला जशा नेमक्या गोळ्या मिळाल्या तशा अन्ननलिकेला मिळालेल्या नाहीत. त्यात २०१८ मध्ये आणखी एक कोडं पुढे आलं. नॉच१ या जनुकातले बिघाड मध्यमवयीन माणसांच्या अगदी निरोगी अन्ननलिकेत ढिगाने सापडले, गाठीत सापडतात त्याहून जास्त. म्हणजे गाठीत बिघाड दिसला की तोच गुन्हेगार, असं म्हणायची सोय राहिली नाही.

मग व्याख्यानात हे दोन अवयव एकत्र का? गर्भात दोन्ही एकाच नळीतून फुटतात, सिगारेटचा धूर दोघांच्या वाट्याला येतो, आणि चपट्या पेशींच्या कर्करोगात सॉक्स२ या जनुकाच्या जादा प्रती दोन्हीकडे आढळतात.

आता रोजचं काम. मी एम.एस्सी.ला असताना प्रकल्पासाठी पेशी वाढवल्या होत्या. ज्या द्रवात त्या वाढतात त्याचा रंग गुलाबी. सोमवारी इन्क्युबेटर उघडला तर सहाही फ्लास्क पिवळे आणि गढूळ. जंतुसंसर्ग. शनिवारी कोणीतरी, बहुधा मीच, हात नीट पुसले नव्हते. दीड महिन्याचं काम ब्लीचमध्ये ओतलं आणि पुन्हा पहिल्यापासून. मी पीएच.डी. केली नाही, त्याचं हेही एक कारण. मुलीला हे आजच ऐकवा. ऐकूनही ती म्हणाली की "मग पुढे काय केलंत?", तर तिला जाऊ द्या.

पैशांचं सरळ सांगते. बी.एस्सी. तीन वर्षं, एम.एस्सी. दोन, पीएच.डी. पाच-सहा. सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) फेलोशिपची परीक्षा निघाली तर पीएच.डी.त पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि वर घरभाडं भत्ता. कागदावर चांगलं आहे. प्रत्यक्षात फेलोशिप कधी कधी महिनोन् महिने थकते, तेव्हा घरातून हात द्यावा लागतो. तिशी उजाडेल स्थिर व्हायला. हे तुम्हाला आणि यजमानांना झेपणार का, त्याचा विचार आत्ताच करा. लग्नाबद्दल मी सल्ला देत नाही.

पुढचं म्हणजे कॉलेज. रुईया किंवा झेवियर्ससारख्या ठिकाणी लाइफ सायन्स, बायोकेमिस्ट्री बघा. कलिन्याला मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांचं मिळून एक केंद्र आहे, तिथे पाच वर्षांचा सलग एम.एस्सी. होतो, प्रवेश नेस्ट परीक्षेतून. बारावी कोणत्या वर्षी झाली याच्या अटी असतात, माहितीपत्रक नीट वाचा. बी.एस्सी. चालू असतानाच तिने संख्याशास्त्र आणि पायथन ही संगणकाची भाषा शिकायला घ्यावी. जनुकांची माहिती आता इतकी येते की हाताने पिपेट चालवणाऱ्यापेक्षा ती माहिती वाचू शकणाऱ्याला आधी बोलावतात. पुढे शिक्षक व्हायचं नसेल तरी जनुकीय तपासण्या करणाऱ्या लॅब आणि औषध कंपन्या आहेत. पीएच.डी.साठी टाटा मेमोरियलचंच खारघरचं कर्करोग संशोधन केंद्र, ॲक्ट्रेक, आहे. शिवडीहून पनवेल लोकल पकडली की थेट.

तुमच्या घराजवळचीच एक गोष्ट सांगते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या कमल रणदिवे यांनी डॉक्टर व्हावं अशी त्यांच्या वडिलांची फार इच्छा होती. त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, लग्नानंतर मुंबईला आल्या, परळच्या टाटा हॉस्पिटलात काम केलं आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा मुंबईत उभी केली ती त्यांनीच. त्याही पेशीच वाढवत होत्या.

तिसऱ्यांदा नीट द्यायची की नाही हे तिने ठरवावं. डॉक्टर होऊनही संशोधन करता येतं, तो रस्ता बंद नाही. पण 'द्यायची' असं ठरलं तर ते नातेवाइकांसाठी नको.

आणि ताई, सासूबाईंची हॉस्पिटलची फाइल माळ्यावर टाकू नका. त्यात ईजीएफआरचा एक रिपोर्ट असेल. गोळी लागू पडेना झाल्यावर पुन्हा तपासणी केली असेल, तर दुसराही असेल. दोन्ही तिच्या हातात द्या आणि म्हणावं, फरक शोध.