नवख्या खेळाडूचे पैसे आधीच ठरलेले असतील, तर एजंट कशाला?

चिपळूणच्या आमच्या मंडळातल्या एका कबड्डीपटूच्या वडिलांचाही हाच प्रश्न. अमेरिकन फुटबॉलचं बघा. तिथल्या एनएफएल लीगमध्ये संघ दरवर्षी नवे खेळाडू क्रमाक्रमाने निवडतात. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला लीगमध्ये एकही सामना न खेळता ६ वर्षांचा ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला, त्यात ५ कोटी हमीचे! २०११ पासून निवडीच्या क्रमांकानुसार रकमा बांधल्या; त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या कॅम न्यूटनला ४ वर्षांचे सुमारे २.२ कोटी. घासाघीस आटली, एजंटचं वजनही. तिथं कमिशन जास्तीत जास्त ३ टक्के. वाशीला आंब्याच्या पेट्या धाडणाऱ्यांना दलालीचं वेगळं काय सांगायचं! पहिल्या कराराला एजंटपेक्षा वकील बरा, एकदाच फी घेऊन कागद वाचणारा. दुखापतीचं कलम तेवढं नीट बघून घ्या.