मिनेसोटात पॉन्टून बोट (दोन लांब नळकांड्यांवर तरंगणारी सपाट बोट) घेतोय, सोबत ट्रेलरही घ्यावा का?

बोट एकाच तळ्यात राहणार असेल तर नको. बर्फ वितळल्यावर पाण्यात आणि गोठायच्या आत बाहेर, अशा वर्षाकाठी दोनच खेपा. तेवढं काम मरीनावाले (बोटींच्या धक्क्यावरचे लोक) पैसे घेऊन करतात, हिवाळाभर बोट ठेवूनही घेतात. ट्रेलर मात्र अंगण अडवून बसतो. टायर उन्हाने तडकतात ते वेगळंच.

तळी बदलत फिरायचं असेल तर घ्याच, पण सिझर ट्रेलर (बोटीला नळकांड्यांच्या मधून उचलून धरणारा) नको. त्याची चाकं जवळजवळ असतात, हायवेवर बाजूचा वारा लागला की बोट डुलायला लागते. दोन्ही नळकांड्यांना खालून लांब फळ्यांचा आधार देणारा बंक ट्रेलर बघा. आणि हो, तळ्यावरून निघताना ड्रेन प्लग (बोटीतलं पाणी सोडायचं बूच) काढणं मिनेसोटात कायद्यानेच सक्तीचं आहे, म्हणजे साचलेल्या पाण्यातून उपद्रवी जीव दुसऱ्या तळ्यात जात नाहीत. तिथल्या मिनेटोंका तळ्यात २०१० साली असेच उपद्रवी झेब्रा शिंपले सापडले.