स्मिता पाटील यांच्यावरचं शाळेतलं प्रदर्शन: सालं, फलक आणि छपाई

ताई, 13 डिसेंबरला, म्हणजे स्मृतिदिनी, शाळेत स्मिता पाटील यांच्यावर आठ-दहा फलक लावायचेत आणि पहिल्यावर ‘जन्म शिरपूर’ लिहिलंय, असं तुम्ही म्हणता. तो फलक छापायला गेला नसेल तर आधी थांबवा. जन्म 17 ऑक्टोबर 1955 चा, पुण्यातला. शाळा पुण्याची रेणुका स्वरूप, आणि घडण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातली. धुळे जिल्ह्यातलं शिरपूर हे त्यांचं मूळ गाव. वडील शिवाजीराव गिरधर पाटील स्वातंत्र्यसैनिक, पुढे राज्यात मंत्री, 2013 मध्ये पद्मभूषण. आई विद्याताई सामाजिक कार्यकर्त्या. ‘मूळ गाव शिरपूर’ लिहा, त्यानं ‘शिरपूरनी पोर’ म्हणायचा आपला हक्क काही कमी होत नाही.

दुसरा फलक दूरदर्शनचा. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि सत्तरच्या दशकात तिथं त्या मराठी बातम्या वाचत. जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्यांना बसायच्या, हा किस्सा मुलं हमखास आणतील. चार ओळींत बसतो, पण त्यानं जागा खाल्ली की काम मागे पडतं. त्यापेक्षा श्याम बेनेगल यांच्याबरोबरची सलग चार चित्रपटांची ओळ मोठ्या अक्षरांत द्या: ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’ 1975, ‘मंथन’ 1976, ‘भूमिका’ 1977. ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. डेअरीवर दूध घालणाऱ्या घरातली मुलं हे लगेच उचलतील. ‘भूमिका’ हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेला आहे.

सालांचा घोळ इथून पुढे होतो. राष्ट्रीय पुरस्कार चित्रपट सेन्सॉर झाला त्या वर्षाचा धरतात, प्रदर्शनाचा नव्हे. त्यामुळे ‘चक्र’साठीचा अभिनेत्रीचा पुरस्कार 1980 चा, चित्रपट मात्र 1981 चा. ‘उंबरठा’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार 1981 चा, थिएटरात तो आला 1982 मध्ये. दोन मुलांनी दोन ठिकाणांहून माहिती उतरवली की एकाच फलकावर दोन सालं येतात आणि दोघंही बरोबरच असतात. ‘प्रदर्शित’ आणि ‘पुरस्कार वर्ष’ असे दोन वेगळे रकाने करा. अभिनयाचे राष्ट्रीय पुरस्कार दोनच, ‘भूमिका’ आणि ‘चक्र’. पद्मश्री 1985. ‘एकूण चित्रपट इतके’ हा आकडा टाळा. प्रत्येक यादीत तो वेगळा निघतो, कारण निधनानंतरही काही वर्षं चित्रपट येत राहिले.

मराठीसाठी निदान दोन फलक राखा. ‘जैत रे जैत’ (1977) सह्याद्रीतल्या ठाकर या आदिवासी समाजातला आहे. मुलं त्याखाली सातपुड्याचा फोटो लावून मोकळी होतील, ते होऊ देऊ नका. तुमच्या वर्गात पावरा, भिल्ल मुलं असतील, त्यांना फरक पटकन कळतो. ‘उंबरठा’चा फलक सगळ्यात मोठा करावा असं माझं मत. सुलभा महाजन घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होते, आणि त्या भूमिकेत त्यांनी आवाज जवळपास कुठेच चढवलेला नाही. 1982 मध्येच ‘अर्थ’, ‘शक्ती’ आणि ‘नमक हलाल’ही आले. ही चार नावं शेजारी छापली की समांतर आणि व्यावसायिक या वादावर वेगळा परिच्छेद लागत नाही.

‘मिर्च मसाला’ त्यांच्या निधनानंतर, 1987 मध्ये आला. मसाल्याच्या कारखान्यात अडकलेल्या बायका शेवटी सुभेदारावर तिखट उधळतात. नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, राबणाऱ्या आयांच्या मुलींना तो धुरळा समजावून सांगावा लागणार नाही. निधन 13 डिसेंबर 1986 चं, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीनं, वयाच्या 31 व्या वर्षी. एवढंच लिहा, घरगुती गप्पा शाळेच्या भिंतीवर नकोत.

आता छपाई. फ्लेक्सपेक्षा 5 मिमी सनबोर्ड (फोमचा कडक, हलका बोर्ड) घ्या, 2 बाय 3 फूट. फ्लेक्स खिडकीच्या उजेडात चमकतो, वाचता येत नाही. एका फलकावर 70 शब्दांच्या वर जाऊ नका. फोटो 12 इंच रुंद छापायचा तर मूळ फाइल किमान 1800 पिक्सेल रुंद हवी. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेला फोटो फाटतोच. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून तसाच पाठवला आणि दुकानात श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टचा सेटअप असला, तर रफार आणि जोडाक्षरं तुटतात, ‘पुरस्कार’चं काय होईल सांगता येत नाही. पीडीएफ करून द्या, अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत) बदलून घ्या आणि एक फलक कागदावर काढून शुद्धलेखन बघा. लावताना फलकाचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर ठेवा, पाचवीच्या मुलांना मान वर करावी लागत नाही.

2013 मध्ये भारतीय सिनेमाच्या शंभरीनिमित्त टपाल खात्यानं काढलेल्या तिकिटांत त्यांचंही तिकीट आहे. तिकीट जमवणाऱ्या कुणाकडे असेल तर काचेखाली ठेवा, चिकटवू नका. चित्रपट दाखवायचा असेल तर सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेला ‘सद्गती’ बघा. तो तासाभरात संपतो, दोन तासिकांत बसतो आणि टीव्हीचा फलकही पूर्ण होतो. ‘मिर्च मसाला’ एनएफडीसीची (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची) निर्मिती आहे, तोच हवा असेल तर परवानगीचं पत्र तिकडे पाठवा आणि उत्तराला महिना धरा. यूट्यूबवरची प्रत परस्पर लावू नका.