सकाळी काय खाल्लं होतंस?

जळगाव

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू सगळं सांगितलंस, पण मला फोनवर धड सुचत नाही, म्हणून लिहिते. तुझ्या डब्याच्या नव्या गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, 'माझी रक्तातली साखर मध्येच उतरते, डब्यात काहीतरी गोड घालत जा', आणि तू रोज शिऱ्याची वाटी द्यायला लागलीस. तो शिरा उद्यापासून बंद कर. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, एका पोरीचे हाल करून शिकले आहे.

माझ्या खानावळीत एक शिकाऊ वकील मुलगी जेवायला होती. सकाळी आठला नाश्ता, दुपारी दीडला जेवण. मे महिना होता, आणि जळगावचा मे तुला काय सांगायचा, पारा पंचेचाळीसला टेकलेला. एक दिवस साडेअकरालाच ती कोर्टातून परतली आणि ओट्यावर बसली. पाण्याचा पेला दिला तर तो तिच्या दातांवर किणकिण वाजायला लागला. कपाळावर गार घाम, ओठ पांढरे, आणि विचारलं एक तर सांगे भलतंच. ऊन लागलं म्हणून मी लिंबाचं सरबत केलं, चांगली चार चमचे साखर घालून. पंधरा मिनिटांत पोरगी हसायला लागली. मला कोण अभिमान! दोन तासांनी पुन्हा तेच. मी पुन्हा सरबत केलं.

पावसाळा आला, ऊन गेलं, थरथर मात्र गेली नाही. एका डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, दुसरे म्हणाले मनाचे खेळ आहेत. तिसऱ्यांनी गादीवर बसवायच्या आधीच विचारलं, 'सकाळी काय खाल्लं होतंस?' पोहे, त्यावर दोन जिलब्या आणि दोन चमचे साखरेचा चहा. नाश्ता माझाच होता, पोरी. मी खाली मान घातली.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. पोहे, जिलबी, साबुदाणा असं पटकन विरघळणारं रिकाम्या पोटी खाल्लं की रक्तातली साखर झपकन चढते. ती आवरायला शरीर इन्सुलिन सोडतं. काही माणसांत ते गरजेपेक्षा जास्त सुटतं किंवा उशिरा सुटतं, आणि मग साखर नुसती खाली येत नाही, खड्ड्यात जाते. हे घडतं खाल्ल्यानंतर दोन ते चार तासांत. म्हणून आठच्या नाश्त्याचे भोग साडेअकराला. वजन कमी करायला पोटाचं ऑपरेशन झालेल्यांना हे बऱ्याचदा होतं, कारण अन्न जठरात न थांबता थेट आतड्यात उतरतं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनाही होऊ शकतं. कधीकधी काहीच कारण सापडत नाही.

आणि नुसती थरथर झाली म्हणून हाच आजार, असंही नाही. त्रास होत असताना रक्तातली साखर खरंच कमी निघाली पाहिजे (मधुमेह नसलेल्यांत डॉक्टर ५५ मिलिग्रॅमच्या खालचा आकडा बघतात) आणि साखर दिल्यावर त्रास गेला पाहिजे. या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. ही कसोटी व्हिपल नावाच्या अमेरिकन सर्जनने १९३८ मध्ये मांडली. त्या मुलीला नेहमीसारखं जेवायला घालून पाच तास थोड्या थोड्या वेळाने रक्त घेतलं, तेव्हा नक्की झालं. तुझ्या बाईंनी तपासणी केली आहे का, हे आधी विचार. त्या मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील तर ते प्रकरण वेगळं, तिथे आपलं शहाणपण चालवायचं नाही.

आता स्वयंपाकाचं. यात मी जरा रमणार आहे, कंटाळू नकोस.

आपल्या खान्देशात यावर उपाय पिढ्यान्‌पिढ्या जात्यात पडून होता, तो म्हणजे कळणा. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळायचे. प्रमाण घरोघरी वेगळं, मी तीन वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद घेते. उडदात शंभर ग्रॅमला चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, ज्वारीत दहाच्या आसपास, आणि सालाचा कोंडा वेगळाच. अशी भाकरी पोटात हळूहळू उतरते, साखर सावकाश चढते आणि सावकाशच ओसरते. त्या वकील मुलीने पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं होतं. म्हणे, हे तर आजीचं खाणं. मी भाकरीवर कच्चं तेल ओतलं, ठेचा ठेवला, कांदा फोडला. दुसरी भाकरी तिने मागून घेतली, आणि मी दिली नाही. एका वेळी एकच मध्यम भाकरी, हे तूही पाळ. कितीही चांगलं असलं तरी ते पिठूळच आहे.

भाकरीच्या शेजारी काय असतं, त्यावर अर्धा खेळ आहे. घोटलेली उडदाची डाळ दाट ठेव, पाणी घालून वाढवू नकोस. (डब्यावाल्यांना ही सवय फार वाईट असते, मलाही होती.) सध्या थंडी आहे, तर भरीत कर. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्याला त्याची चव सांगायला कागद लागत नाही. पऱ्हाटीवर भाजलेलं वांगं, भाजलेल्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे. दाण्यांत हात आखडता घेऊ नकोस, तेच पोट धरून ठेवतात. भरितासोबत पुऱ्या मात्र नकोत, भाकरीच दे. पातोड्यांची भाजी चालते, डुबुकवडे चालतात, बेसन आहे. शेवभाजीला माझी हरकत नाही, हरकत तिच्याबरोबरच्या चार पावांना आहे.

त्या बाईंना आणखी एक सांग. डबा उघडल्यावर आधी भाजी आणि डाळ दोन-चार घास खायची, भाकरीला मग हात लावायचा, आणि भात असलाच तर सगळ्यात शेवटी. आपल्या माणसांना हे उलटं वाटतं, पण त्या मुलीला याने मोठा फरक पडला.

खिचडी रात्रीला दे, आपली तुरीच्या डाळीची, लसणाची. तांदळाच्या निम्मी डाळ घालतात तिथे तू बरोबरीने घाल, सोबत ताकाची कढी. नाश्त्याला पोहे देऊच नयेत असं नाही, पण मूठभर पोहे आणि त्यात दोन मुठी मोड आलेली मटकी, असं प्रमाण फिरव. एखादं उकडलेलं अंडं खात असतील तर उत्तमच. चहा बिनसाखरेचा, निदान रिकाम्या पोटी तरी.

केळ्याचं काय, हे तू विचारणारच, रावेर-यावलच्या वाटेवर राहून केळं सोडा म्हणणं पाप आहे. पिकून काळे ठिपके पडलेलं अख्खं केळं उपाशीपोटी नको. कमी पिकलेलं अर्धं केळं, सोबत मूठभर शेंगदाणे, जेवणाच्या मागोमाग, हे चालतं. शिकरण नको. अक्षय तृतीयेला खापरावरचे मांडे आणि आमरस होणारच, मी कोणाचा सण मोडत नाही. आधी रशी, भाजी, कुरडई-भजं खाऊ दे, मग मांड्याचा चतकोर तुपाशी. रस वाटीभर नाही, दोन चमचे.

उपवासाला मात्र सावध. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालासुद्धा नाहीत. चतुर्थीला त्या मुलीची सगळ्यात वाईट अवस्था व्हायची आणि घरचे म्हणायचे, उपवास सोसत नाही. अगं, उपवास सोसत नव्हता की साबुदाणा? उपवास करायचाच असेल तर थोडी भगर, दाण्याची दाट आमटी आणि दही.

वेळ पाळणं हे तुझ्या हातातलं सगळ्यात मोठं काम. दोन खाण्यांत तीन-साडेतीन तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नकोस. त्यांचा डबा पहिल्या फेरीत पाठव. फाटक लागलं, सायकल पंक्चर झाली, ही कारणं बाकीच्यांना सांग, त्यांना नको. डब्यासोबत एक छोटी पुडी ठेव, फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे, अकराच्या सुमाराला खायला. पैसे वेगळे लाव, लाजू नकोस.

आणि साखर उतरलीच तर? तेव्हा मात्र साखरच लागते. तीन चमचे साखर पाण्यात, म्हणजे साधारण पंधरा ग्रॅम, पंधरा मिनिटं थांबायचं, बरं नाही वाटलं तर पुन्हा एकदा. मी चुकले ते पुढे. सरबत पाजून मी तिला तशीच कामाला धाडायची, आणि ती साखर पुन्हा चढून पुन्हा उतरायची. सावरल्यावर अर्धी भाकरी-डाळ किंवा फुटाणे खायलाच हवेत. शुद्ध हरपली तर तोंडात काही ओतायचं नाही, सरळ दवाखाना.

ती मुलगी आता दुसऱ्या गावी वकिली करते. दिवाळीत येते तेव्हा दारातूनच ओरडते, 'काकू, सकाळी काय खाल्लं होतंस?' आणि पुडीतले फुटाणे माझ्यापुढे धरते. माझी सासू असती तर 'जेवी ले, बेटा' म्हणत तिच्यापुढे बुंदीच ठेवली असती. प्रेम आहे ते, कसं रागवणार?

सोमवारच्या गाडीने दोन किलो कळण्याचं पीठ पाठवते आहे. मीठ दळतानाच घातलंय, वरून घालू नकोस. आणि चाळणी लावू नकोस, उडदाची सालं त्यातच राहू देत.

तुझी,
काकू